विश्लेषण : हाताने घडवलेल्या पेनासोबत माहितीकार्ड का हवे? त्यावर काय लिहावे आणि काय टाळावे?

गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनातून मी लाकडी फाउंटन पेन घेतले. सोबत जाड कागदाचे देखणे कार्ड होते. त्यावर झाडाचे रेखाचित्र आणि ‘निसर्गाकडून तुमच्या हाती, प्रेमाने’ अशी ओळ. घरी चित्रकलेसाठी आणलेली काळी ड्रॉइंग शाई होती, तीच पेनात भरली. चार दिवसांत पेन बंद पडले. मोकळे होईल म्हणून अख्खे पेन रात्रभर पाण्याच्या ग्लासात ठेवले. सकाळी लाकूड फुगले होते आणि दोन दिवसांनी वाळताना निबेजवळ उभी चीर गेली.

कार्ड पुन्हा उलटून पाहिले. शाई कोणती वापरावी, पाण्यात ठेवावे की नाही, लाकूड कोणते, काहीच नव्हते. विचारायला फोन नंबरही नव्हता. चूक माझी होती, पण ती टाळायला कार्डावरच्या दोन ओळी पुरल्या असत्या.

हाताने घडवलेल्या वस्तूंना आता ऑनलाइन आणि प्रदर्शनांतून ग्राहक मिळतो. पेन हे त्यातले छोटे उदाहरण. बारामती-इंदापूरसारख्या भागात कुणाला घरच्या घरी हा उद्योग करायचा असेल, तर पेनासोबत जाणारे कार्ड कसे असावे, कायदा काय मागतो आणि कारागीर नेमके कुठे घसरतात, ते समजून घेऊ.

बारामती-इंदापूरचा याच्याशी काय संबंध?

लेखणीशी बारामतीचे नाते जुने आहे. पंतकवी मोरोपंत (१७२९-१७९४) यांचे बहुतेक आयुष्य कऱ्हाकाठच्या याच गावात गेले. तेव्हाची लेखणी म्हणजे बोरू. टोक तासायचे, मध्ये चीर द्यायची आणि दौतीत बुडवून लिहायचे. झिजला की पुन्हा तासायचा. त्याला माहितीकार्ड लागत नव्हते, कारण लिहिणाऱ्यालाच तो तासता येत होता.

आजचे फाउंटन पेन तसे नाही. ते घडवणारा एक, वापरणारा दुसरा आणि दोघांची भेट बहुतेक वेळा होत नाही. घडवण्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी मात्र या पट्ट्यात आहेत. बारामती एमआयडीसीमुळे लेथ चालवणारे हात आहेत आणि आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकलेली मुले आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे लाकूड. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी बाभूळ आहे. औत, कुळव आणि बैलगाडीची चाके यांसाठी पिढ्यान् पिढ्या वापरलेले हे कठीण, जड लाकूड लेथवर छान गुळगुळीत होते.

एका पेनाला वीतभर लांबीचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा ठोकळा पुरतो. म्हणजे कच्च्या लाकडाची किंमत जवळपास नगण्य. ग्राहक पैसे मोजतो ते कौशल्याचे आणि विश्वासाचे. कौशल्य हाताला जाणवते. लाकूड खरेच बाभळीचे आहे का, निब कुठली, बिघडले तर दुरुस्त कोण करणार, हे हाताला कळत नाही. ते कार्डानेच सांगायचे असते.

‘हाताने बनवलेले’ म्हणजे नेमके किती?

कार्डावरची सर्वांत मोठी गफलत याच शब्दात होते. लाकडी पेन साधारण दोन पद्धतींनी बनते.

पहिली पद्धत किटची. क्लिप, टोक, मधली कडी, निबेचा भाग असे सगळे धातूचे सुटे भाग तयार मिळतात. कारागीर लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडतो, आत पितळी नळी चिकटवतो, लेथवर आकार देतो, घासतो, पॉलिश करतो आणि सुटे भाग दाबून बसवतो.

दुसऱ्या पद्धतीत नळी, टोपण, बोटांनी धरायचा भाग आणि त्यांचे आटेसुद्धा कारागीर स्वतः पाडतो. बाहेरून घेतो ते निब, फीड म्हणजे निबेखालचा शाई पुढे आणणारा भाग, आणि शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर. वेळ आणि कौशल्य दोन्ही इथे बरेच जास्त लागते.

निब घरी बनवणे जवळपास अशक्यच. पत्रा कापणे, वाकवणे, टोकाला कठीण मिश्रधातूचा ठिपका जोडणे आणि केसाएवढी चीर पाडणे यासाठी खास यंत्रे लागतात. म्हणून जगभरातले नावाजलेले छोटे पेनकारही योवो किंवा बॉक या जर्मन कंपन्यांच्या निबा सर्रास वापरतात. त्यात कमीपणा नाही. कमीपणा येतो ते लपवल्याने. ‘संपूर्ण हातांनी, शंभर टक्के देशी’ असे कार्डावर छापले आणि ग्राहकाला निबेवर जर्मन कंपनीची खूण दिसली, तर तो कार्डावरच्या उरलेल्या ओळींवरही विश्वास ठेवत नाही.

हा प्रश्न नवा नाही. आंध्रातील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात फाउंटन पेने बनवायला सुरुवात केली. त्यांनी ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत पाठवलेल्या पेनाची पोच महात्मा गांधींनी जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्राने दिली. पेन आपण वापरून पाहिले आणि बाजारातल्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असा त्या पत्राचा आशय होता. पेन कुठे आणि कुणी बनवले, याला तेव्हाही मोल होते.

यावरचा उपाय सोपा आहे. ‘हस्तनिर्मित’ हा एकच शब्द छापण्याऐवजी दोन ओळी लिहाव्यात : ‘आम्ही केलेले’ आणि ‘विकत घेतलेले’.

बाभूळ लिहिले की पुरे नाही का?

नाही. कारण बारामती-इंदापूर पट्ट्यात ‘बाभूळ’ हे नाव तीन वेगळ्या झाडांना लागते.

बाभूळ : हे आपले मूळचे झाड. पिवळ्या गोल गोंडेदार फुलांचे, शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, मध्ये मध्ये आवळलेल्या. वनस्पतिशास्त्रातले सध्याचे नाव व्हॅचेलिया निलोटिका. जुन्या पुस्तकांत अकेशिया निलोटिका किंवा अकेशिया अरेबिका असे सापडते. गाभ्याचे लाकूड तांबूस तपकिरी असते आणि काळानुसार गडद होते.

वेडी बाभूळ : अमेरिका खंडातून आलेली, पडीक रानात आणि तळ्याकाठी माजलेली. फुले गोल नसून लांबट तुऱ्यासारखी. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. हिचेही लाकूड कठीण असते.

सुबाभूळ : मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, चारा व जळणासाठी लावली गेलेली. काटे नसतात, फुले पांढरी गोल, शेंगा चपट्या. ल्युसीना ल्युकोसेफाला.

तिन्हींची पेने बनू शकतात आणि तिन्ही कार्डावर अभिमानाने लिहिता येतात. उलट, उपद्रवी म्हणून तोडल्या जाणाऱ्या वेड्या बाभळीचे पेन ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे. पण एकाच्या नावावर दुसरे विकणे ही फसवणूक ठरते. म्हणून कार्डावर मराठी नावाखाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत छापावे. झाड उभे असताना किंवा फांदी ताजी असताना पान, फूल आणि शेंग यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. वाळलेल्या ठोकळ्यावरून झाड ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जाते. शंका असेल तर फोटो घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारावे.

नावाचा घोळ शिसवीबाबत महागात पडू शकतो. शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया आणि शिसू किंवा शीशम म्हणजे डाल्बर्जिया सिस्सू. बाजारात दोन्हींना सर्रास ‘शिसम’ म्हणतात. संपूर्ण डाल्बर्जिया कुळी २०१७ पासून वन्यजीव व्यापाराच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परदेशात माल पाठवताना जाती आणि वजनानुसार नियम बदलतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामातील परिषदेत भारताला शिसूच्या, प्रत्येकी १० किलोपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंबाबत सवलत मिळाली. अमेरिकेतल्या ग्राहकाला पेन पाठवायचे असेल, तर कार्डावर नुसते ‘शिसम’ लिहून भागणार नाही, ते यामुळे.

लाकूड कुठले, हे लिहिताना मोह कुठे होतो?

इंदापूरला हा मोह जास्तच होईल. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील गावे गेली. पळसदेवचे पळसनाथ मंदिर पाण्याखाली असते आणि पाणी फार उतरले की वर येते, बातम्यांत झळकते. अशा ठिकाणी ‘उजनीत बुडालेल्या वाड्याच्या तुळईपासून घडवलेले पेन’ ही ओळ कुणालाही सुचेल. ऑनलाइन ती झटकन विकलीही जाईल.

प्रश्न एवढाच की ती खरी आहे का आणि दाखवता येईल का. जुने सागवान वखारीत सहज मिळते आणि पेनासाठी उत्तमही असते, कारण ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. पण वखारीतला तुकडा कोणत्या गावच्या कोणत्या वाड्याचा, हे बहुतेक वेळा वखारवाल्यालाही नक्की माहीत नसते. तेव्हा कार्डावर ‘जुन्या लाकडाच्या वखारीतून घेतलेले सागवान’ एवढेच लिहावे. ज्या घरातून तुळई निघाली त्या घरच्यांनी स्वतः दिली असेल, तर त्यांच्या संमतीने गाव आणि साल लिहावे. विस्थापितांचे घर ही त्यांची खरी आठवण आहे. ती जाहिरातीची ओळ म्हणून उसनी घेऊ नये.

झाड तोडण्याबाबतही खबरदारी हवी. साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन अशी काही झाडे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही. मात्र बारामती आणि इंदापूर नगरपरिषदांच्या हद्दीत शहरी भागासाठीचा १९७५ चा झाडे जतन कायदा लागू होतो. तिथे कोणतेही झाड तोडण्याआधी नगरपरिषदेत चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट. परदेशी व्हिडिओंत हरणाच्या शिंगाची पेने दिसतात. भारतात चितळ, सांबर यांची शिंगे विकणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिंग आपोआप गळून पडलेले असले तरी सूट नाही.

कायदा कार्डावर काय मागतो?

इथे दोन कायदे लक्षात ठेवावेत.

पहिला, वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११. ग्राहक समोर नसताना आधीच डबीत भरून ठेवलेली वस्तू या नियमांत येते, डबी सीलबंद असो वा नसो. म्हणजे स्टॉलवर उघडी मांडलेली पेने ग्राहकासमोर डबीत घालून देणे वेगळे आणि घरूनच डबीत भरून आणणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात वेष्टनावर पुढील गोष्टी लागतात : बनवणाऱ्याचे किंवा भरणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, नग, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. वस्तू आयात केलेली असेल तर मूळ देशही. ऑनलाइन विक्रीत महिना-वर्ष वगळता ही माहिती स्क्रीनवरही दिसायला हवी.

अनेकांना माहीत नसलेली बाब भाषेची आहे. ही सक्तीची माहिती देवनागरीतील हिंदी किंवा इंग्रजीत असावी लागते. त्याशिवाय मराठीत देता येते, पण केवळ मराठीत देऊन नियम पूर्ण होत नाही. वस्तू आधीच वेष्टनात भरून विकणाऱ्याने काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत नोंदणीसाठी अर्ज करणेही अपेक्षित आहे. त्याची माहिती जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात मिळते.

दुसरा, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. या कायद्यात ‘जाहिरात’ म्हणजे फक्त टीव्हीवरची जाहिरात नव्हे. लेबल, वेष्टन, बिल आणि तशी कागदपत्रेही त्या व्याख्येत येतात. त्यामुळे पेनासोबतच्या कार्डावरचा खोटा दावा ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. अशा प्रकरणात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. घरगुती कारागिराला कुणी पहिल्याच फटक्यात एवढा दंड लावील असे नाही. पण ‘आमचे छोटे काम आहे, आम्हाला कोण विचारते’ हे उत्तर कायद्यात नाही.

‘नैसर्गिक’ हा शब्दही जपून वापरावा. लाकडाला चकाकी यावी म्हणून अनेक जण झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या, म्हणजे सायनोअॅक्रिलेटच्या, पातळ थरांचे पॉलिश करतात. ते टिकाऊ असते आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्या पेनावर ‘रसायनमुक्त’ लिहिता येत नाही.

ग्राहकाला सर्वांत उपयोगी ओळी कोणत्या?

वापर आणि निगा यांच्या. माझे पेन याच ओळींअभावी गेले. पुढील गोष्टी कार्डावर असाव्यातच.

शाई : फक्त फाउंटन पेनासाठीची शाई वापरावी. ड्रॉइंगची ‘इंडिया इंक’ चालत नाही. तिच्यात लाखेसारखे बांधून ठेवणारे घटक असतात, ते वाळून फीडमध्ये घट्ट बसतात आणि पाण्याने निघत नाहीत.

धुणे : शाई बदलताना किंवा महिन्यातून एकदा निबेचा भाग आणि कन्व्हर्टर साध्या पाण्याने धुवावा. गरम पाणी नको. लाकडी भाग पाण्यात बुडवू नये.

शाई भरणे : कन्व्हर्टर आहे की नाही, ते लिहावे. लाकडी नळीत ड्रॉपरने थेट शाई ओतायची नसते. आत अस्तर नसेल तर लाकूड शाई पिते.

ऊन : एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पेन ठेवू नये. लाकूड आणि आतली नळी कमी-जास्त प्रसरण पावतात आणि तडा जातो.

पॉलिश : लाखेचे असेल तर सॅनिटायझर लागू देऊ नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तेल किंवा मेणाचे असेल तर पुन्हा कधी लावायचे ते सांगावे.

निब : जाडी, धातू आणि माप. ५ नंबर, ६ नंबर अशी मापे रूढ आहेत, पण एका कंपनीची ६ नंबर निब दुसऱ्या कंपनीच्या फीडवर नीट बसेलच असे नाही. म्हणून कंपनीचे नावही हवे.

नमुना कार्ड कसे दिसेल?

तपशील नमुन्यादाखल आहेत. आपापल्या पेनानुसार बदलावेत.

पुढची बाजू
बाभळीचे फाउंटन पेन, क्रमांक १७
लाकूड : बाभूळ (खाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत). इंदापूर तालुक्यातील स्वतःच्या शेताच्या बांधावर वाऱ्याने मोडलेली फांदी. १४ महिने सावलीत वाळवलेली.
आम्ही केलेले : नळी, टोपण, आटे, घासकाम, पॉलिश.
विकत घेतलेले : निब व फीड (जर्मनी), कन्व्हर्टर, क्लिप.
निब : स्टील, मध्यम, ६ नंबर, कंपनीचे नाव.

मागची बाजू
फक्त फाउंटन पेनाची शाई. ड्रॉइंग शाई नको.
महिन्यातून एकदा निबेचा भाग साध्या पाण्याने धुवा. लाकूड भिजवू नका.
उन्हात, गाडीत ठेवू नका.
लाकडाचा रंग वापराने गडद होईल. तो दोष नाही.
पहिल्या वर्षात तडा गेल्यास लाकडी भाग बदलून देऊ. पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा.
संपर्क, सही, तारीख.

दुरुस्तीची ओळ लिहिताना पाळता येईल तेवढेच लिहावे. ‘आजीवन हमी’ लिहायला एक सेकंद लागतो, ती निभावायला आयुष्य.

खर्च किती आणि क्यूआर कोड पुरेसा आहे का?

एका ए-४ कागदातून ए-७ आकाराची आठ कार्डे निघतात. हा आकार ७४ बाय १०५ मिलिमीटर, पेनाच्या डबीखाली घडी न घालता मावतो. मजकूर न बदलणारा भाग डिजिटल प्रिंटरवर छापून घ्यावा आणि क्रमांक, लाकूड, तारीख यांच्या जागा मोकळ्या सोडाव्यात. त्या हाताने भरता येतात. चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण त्यावर शाई टिकत नाही. मोकळ्या जागा त्याच पेनाने भरल्या, तर ग्राहकाला निबेचा नमुनाही मिळतो आणि पेन चालवून पाहिले आहे याची खूणही.

क्यूआर कोड जरूर द्यावा. शाई भरण्याचा मिनिटभराचा व्हिडिओ दहा ओळींपेक्षा जास्त शिकवतो. पण सक्तीची माहिती आणि शाई-पाण्याच्या सूचना कोडमागे लपवू नयेत. लिंक कधी ना कधी मरते आणि पेन दहा-वीस वर्षे चालू शकते. प्रत्येक कार्डाचा फोटो व लाकडाचे फोटो क्रमांकानुसार एका फोल्डरमध्ये ठेवले की पाच वर्षांनी फोन आला तरी पेन ओळखता येते.

कार्ड छापण्याआधी एक चाचणी करून पाहावी. ज्याने कधी फाउंटन पेन हाताळलेले नाही, अशा घरातल्या कुणाला पेन, शाईची बाटली आणि कार्ड द्यावे आणि आपण गप्प बसावे. कार्ड वाचून त्याला शाई भरता आली, लिहिता आले आणि पेन धुता आले, तर कार्ड छापायला हरकत नाही. जिथे तो अडून आपल्याकडे बघेल, तिथे एक ओळ कमी आहे.

माझ्या चिरलेल्या पेनाची निब अजून चांगली आहे. लेथवर नवा लाकडी भाग करून घ्यावा, असे मनात आहे. टर्नरने पहिलाच प्रश्न विचारला : निब कितीची आणि कुठल्या कंपनीची? कार्डावर अजूनही ते झाडाचे चित्रच आहे.